संदर्भ पक्का, लेख बेपत्ता

ग्रंथालयात वाचक एआय चॅटबॉटकडून घेतलेली संदर्भांची यादी पुढे करतो. लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं, वर्ष, सगळं जागच्या जागी. फक्त तसा लेख कधी छापलाच गेलेला नसतो.

चॅटबॉटमागचं नुसतं भाषेचं मॉडेल कॅटलॉग उघडून बघत नाही. शोभतील असे शब्द एकापुढे एक मांडतं. त्यामुळे लेखक खरा, नियतकालिकही खरं, पण जोडी बनावट. पूर्वीचे चुकीचे संदर्भ बरे होते म्हणायचे. एखादं वर्ष चुकलेलं असे, ते सोडून शोधलं की लेख हाती लागे. आता हीच सवय नडते. त्याच लेखकाचा जवळपासचा लेख सापडतो आणि ‘हाच असणार’ म्हणून आपण तो वाचकाच्या हातात ठेवतो.

म्हणून आधी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, तपासावा. तो १० आणि टिंबाने सुरू होतो. उघडला म्हणजे झालं असं नाही. कित्येकदा भलताच लेख समोर येतो, तेव्हा शीर्षक जुळवून बघा. डीओआय नसेल तर खंड आणि वर्षाचा मेळ घाला. १९९० साली सुरू झालेल्या, वर्षाला एक खंड काढणाऱ्या नियतकालिकाचा २०१५ मधला खंड २६वा असतो. यादीत ४० लिहिलं असेल तर संशय घ्या. मेळ बसला तर त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. दिलेली पृष्ठं बहुधा दुसऱ्याच कुणाच्या लेखाच्या मध्यात पडतात. एवढं झाल्याशिवाय दुसऱ्या ग्रंथालयाकडे मागणी पाठवू नका, तिथल्या माणसाचा वेळ फुकट जातो.

पुस्तक असेल तर आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या, तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला १० ने पूर्ण भाग गेला नाही तर क्रमांक चुकीचा. भाग गेला तरी पुस्तक आहेच असं नाही. मनाने लिहिलेल्या दहा क्रमांकांतला एखादा असाही उतरतो.

शोधयंत्राला जोडलेली एआय साधनं दुवे बहुधा खरे देतात. तिथली खोट वेगळी: दुवा उघडतो, पण ज्या विधानाला आधार म्हणून तो दिलाय ते आत नसतंच. सारांशावर विसंबू नका, मूळ मजकुरात शब्द शोधा. लेख मागे घेतलेला नाही ना, तेही बघा.

तालिकीकरणात, म्हणजे पुस्तकांच्या कॅटलॉग-नोंदी करताना, मात्र ही साधनं कामाची आहेत, निदान मार्क या नोंदींच्या संगणकीय साच्यातल्या ५२० क्रमांकाच्या रकान्यातला सारांश लिहायला. ६५० या विषयाच्या रकान्यात ती अस्सल वाटणारी, पण अधिकृत यादीत नसलेली विषयशीर्षकं बिनदिक्कत घालतात. एकाच विषयाची पुस्तकं मग दोन शीर्षकांखाली विखुरतात आणि वाचकाला त्यातली निम्मीच दिसतात. ६५० यादीतूनच भरा.

बनावट निघालेले संदर्भ काउंटरवरच्या एका वहीत तारखेसह टिपून ठेवा. तीच यादी पुढच्या आठवड्यात दुसरा वाचक घेऊन येतो.