पद्मिनीच्या पत्र्याला नेमकं काय लावायचं

जुनी गाडी घरीच रिस्टोअर करतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, गंजासाठी कुठला पेंट लावलास? जणू एकच जादूचा डबा मिळतो आणि तो बॉनेटपासून डिकीपर्यंत फासला की झालं. असा डबा नाहीये. कुठे काय लावायचं हे ती जागा ठरवते, आणि मुंबईत तर हवासुद्धा ठरवते.

गाडी म्हणजे काकांची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्याच कारखान्यात बनलेली. हिला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, त्यामुळे फ्लोअर आणि दाराखालची ती पोकळ सिल सडली की नुसतं दिसायला वाईट नाही तर गाडीची ताकदच गेली. त्यात ही २६ जुलै २००५ ला पाण्यात उभी होती (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, विसरणं शक्यच नाही) आणि नंतर सीटं उन्हात वाळवून, कार्पेट बदलून सगळे मोकळे झाले. सिल कापून उघडल्यावर आत वाळलेला चिखल निघाला, अगदी तळाशी बसलेला. वरून रंग बरा दिसत होता, पण या गाड्यांचा खरा गंज आतूनच बाहेर येतो, रंगाला फुगा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुतेक संपलेला असतो. शिवाय आपल्या हवेतलं मीठ. ते ओल धरून ठेवतं, म्हणजे पाऊस नसला तरी पत्रा कोरडा होत नाही. म्हणून रंगाच्या आधी साध्या गोड्या पाण्याने धुवून कडक वाळवणं हे मी कोटिंगचाच भाग धरतो.

डेंटिंगवाल्याने मात्र पाच मिनिटांत निकाल लावला. "साहेब, लांबी (पुट्टी) भरून देतो, वरून काळा अंडरकोट, कळणारच नाही." कळणार नाही हे खरंय, एक पावसाळा तरी. पॉलिस्टरची लांबी पाणी शोषते, उघड्या पत्र्यावर किंवा गंजावर भरली की ओल थेट लोखंडाला. लांबीला माझा विरोध नाही, पण ती एपॉक्सी प्रायमरच्या, म्हणजे पत्र्यावरच्या पहिल्या संरक्षक थराच्या वर, आणि भोक असेल तिथे आधी नवीन पत्रा वेल्ड करून. भोकावर लांबी म्हणजे भगदाडावर कॅलेंडर लावणं.

रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, त्याबद्दल लोकांच्या अपेक्षा फारच मोठ्या आहेत. टॅनिक अॅसिडवाला असेल तर गंजाचं काळं आयर्न टॅनेट होतं, फॉस्फोरिकवाला असेल तर फॉस्फेट, आणि दोन्ही फक्त पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजापुरते. पापुद्रे सुटत असतील तर आधी ग्राइंडर आणि वायर ब्रश, दुसरा इलाज नाही. त्यातही फॉस्फोरिकचं अॅसिड नीट न धुता वर एपॉक्सी मारलं तर ते उद्या सुटणार. मी कन्व्हर्टर फक्त सांधे आणि कोपऱ्यांत वापरतो, जिथे ब्रश पोचतच नाही तिथे.

आता मुख्य मुद्दा, उघड्या पत्र्यावर पहिला थर कुठला. रेड ऑक्साइड आपल्याला घरच्या ग्रिलमुळे माहितीय, स्वस्त आहे, हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो, पण सिंगल पॅक आहे (हार्डनर न मिसळता थेट लावायचा) आणि पाण्याची वाफ त्यातून बऱ्यापैकी आरपार जाते. ग्रिलला ठीक, दर दोन-तीन वर्षांनी परत मारता येतो, पण सिल परत उघडणार आहात का? म्हणून टू-पॅक एपॉक्सी. बेस आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापातच, अंदाजपंचे नाही, आणि मिसळल्यावर थोडा वेळ ठेवायला सांगितलं असेल तर ठेवायचं. उन्हाळ्यात मिश्रण पटकन घट्ट होतं तेव्हा थोडं थोडंच बनवा. ठरलेल्या वेळात दुसरा थर दिला तर तो पहिल्यात मुरतो, उशीर झाला की सँडपेपर आलाच.

पण एपॉक्सी आणि मुंबईचा जुलै यांचं अजिबात पटत नाही. नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) निदान ३ अंशांनी जास्त हवं. आता बघा, ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २७, म्हणजे आपण काठावर, आणि सकाळी थंडगार पत्र्यावर तर डोळ्यांना न दिसणारं पाणी बसलेलंच असतं. तेच आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू २१-२२ पर्यंत उतरतो आणि निवांत काम करता येतं. शिवाय दमट हवेत काही एपॉक्सींवर तेलकट चिकट साय येते, ती कोमट पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. भिंतीवरचा छोटा आर्द्रतामापक घ्या, काहीशे रुपयांत येतो, महागड्या प्रायमरपेक्षा जास्त उपयोगी पडेल. ग्राइंडर मारलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका, सकाळी केशरी झालेला असतो, आणि घामाच्या हातांनी तर शिवूच नका.

पीओआर-१५ सारख्या, हवेतल्या ओलाव्याने सुकणाऱ्या युरेथेनचं गणित उलटं आहे, त्याला दमट हवा चालते. फ्लोअरच्या खडबडीत, थोडा गंज उरलेल्या भागाला मस्त धरतो. गुळगुळीत चकचकीत पत्र्यावर मात्र सोलून निघतो, आणि उन्हात टिकत नाही म्हणून वर दुसरा रंग हवाच. डबा थेट वापरू नका, लागेल तेवढं कपात काढा आणि झाकणाखाली प्लास्टिक घाला, नाहीतर झाकण कायमचं चिकटेल. झिंकवाला प्रायमर मी फक्त वेल्डच्या सांध्यात, दोन पत्र्यांच्या मध्ये लावतो, कारण झिंक स्वतः झिजून लोखंड वाचवतं ते त्याचा लोखंडाला थेट स्पर्श असेल तरच. गंजावर किंवा जुन्या रंगावर मारलेला झिंक म्हणजे नुसता करडा रंग.

वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रे करू नका, हे जरा वडीलकीच्या सुरात सांगतो. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा लागू शकतो, साध्या मास्कने भागत नाही, आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ असतं. मी एपॉक्सी ब्रशने घरी केलं, हातमोजे घालून, बाकी रंग गॅरेजच्या बंदिस्त स्प्रे बूथमध्ये. आमचे सेक्रेटरी तसेही रविवारच्या ग्राइंडरवरून माझ्यावर डूख धरून आहेत.

गाडीखालच्या त्या जाड डांबरी कोटिंगवर माझा राग आहे. नवीन असताना छान, मग कडक होतं, तडकतं, आणि तडकलेल्या जागेतून पाणी आत जाऊन मागे मजेत बसतं, वरून मात्र सगळं काळंभोर. जुने मेकॅनिक जळकं ऑइल मारायचे, ते एक मोसम काम करतंही, पण रबरी बुश फुगतात आणि रस्त्यावर ठिबकतं ते वेगळंच. माझी निवड एपॉक्सी, सांध्यांना पीयू सीलंट, त्यावर दगड सोसणारा रंग, आणि दर मेमध्ये खाली वाकून बघणं.

पोकळ भागांत शेवटी कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीच्या नोझलने, सिल, दारं, डिकीचे कोपरे सगळीकडे. शेवटीच, कारण वॅक्सवर रंग धरत नाही आणि नंतर तिथे वेल्डिंग काढलं तर आग लागते. मारून झाल्यावर पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, ती बुजली तर सिल म्हणजे टाकी. आणि पुढचे काही दिवस गाडीखाली मेणाचे ठिपके पडतात, ते ऑइल लीक नाही हे वॉचमनला आधीच सांगून ठेवा.