सोनं खरं की खोटं, मला विचारू नका

दरवर्षी चवथीला फोंड्याला घरी गेले की गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसल्या बसल्या कोणी ना कोणी हातातली पाटली काढून पुढे करतं. "तू सोन्यावर लाइट मारून बघतेस ना? मग सांग, खरं की खोटं?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते: मला कळत नाही. हॉलमार्कवाले क्ष-किरणांनी बघतात, त्यांना विचारा. माझा उजेड इन्फ्रारेड, आणि सोनं तो जवळजवळ सगळाच परत फेकतं. मी बघते ते सोन्यावर बसलेला दोन-तीन नॅनोमीटरचा थर.

त्यासाठी किरण जवळजवळ आडवा सोडावा लागतो, लंबापासून ८० अंशांच्या आसपास. धातूला समांतर विद्युतक्षेत्र पृष्ठभागापाशी उरतच नाही, म्हणून रेणूतला उभा कंप पावणारा बंध दिसतो आणि आडवा असून नसल्यासारखा. ग्रीनलर या शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडलेलं त्या कोनाचं गणित मी फळ्यावर सोडवून दाखवलेलं आहे. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तो जुलै. सोन्याच्या पट्ट्यांवर आम्लाचा थर, त्याला अमाइन, म्हणजे नायट्रोजनवालं संयुग, जोडायचं. दोघांचं मिळून अमाइड झालं की आलेखात १६५०ला (एका सेंटीमीटरात उजेडाच्या किती लाटा, तो आकडा) पीक, म्हणजे टोक, यायला हवं. आलं नाही. १५५०जवळ एक उंचवटा तेवढा होता. बाहेर धो धो पाऊस, डिह्युमिडिफायर बंद पडलेला, सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालेलं. आणि पाण्याच्या वाफेच्या रेघा नेमक्या त्याच पट्ट्यात, १४०० ते १९००, कंगव्याच्या दातांसारख्या. मी वहीत लिहिलं, 'अभिक्रिया झाली नाही', आणि सतराच्या सतरा पट्ट्या पिरान्हात बुडवल्या. सल्फ्युरिक आम्ल आणि पेरॉक्साइड. दोन महिन्यांचं काम बुडबुडे होऊन वर आलं, खाली सोनं लख्ख.

चवथ आटोपून पणजीला परतले आणि एका जुन्या पेपरात वाचलं: अमाइडचा कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा बंध, सोन्याला समांतर निजला असेल तर १६५०चं पीक गळतं, १५५०चं राहतं. हेच तर माझ्याकडे होतं!

तेव्हाच्या मला अजून विचारते, एवढी घाई कसली होती? ती म्हणते, गाइड रोज दारात उभे राहून 'पीक कुठंय?' विचारायचे, तू असतीस तर काय केलं असतंस? यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय ती चुकली हे तरी कुठे ठरलंय? अमाइड न होता आम्ल-अमाइनचं नुसतं मीठ झालं तरी उंचवटा १५५०च्याच आसपास येतो. मिठाचं दुसरं पीक १४००जवळ शोधावं, तर तिथंही वाफ. डिसेंबरात कोरड्या नायट्रोजनखाली नव्या पट्ट्या केल्या. १५५० आलं, १६५० नाही, १४००ही नाही. पण त्या नव्या पट्ट्या. जुन्यांवर काय होतं ते मीच धुऊन टाकलंय.

तेव्हा मावशी, पाटली घाला परत. तिच्यावर साबणाचा थर आहे, एवढं मात्र मशीनशिवाय सांगते.