रेघांचे गवत

शेतकऱ्याच्या डोळ्यांना पानावरचा पांढरा किंवा पिवळा पट्टा कधीच सुखावत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की ‘केवडा आला’ म्हणून तो हवालदिल होतो, आणि उसाच्या एखाद्या बेटात गवतासारखे बारीक, फिकट फुटवे दिसू लागले की ते बेट मुळासकट खणून शेताबाहेर नेऊन जाळल्याखेरीज त्याच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही. त्याच शेतकऱ्याची शहरात स्थायिक झालेली पुढची पिढी मात्र रविवारी सकाळी रोपवाटिकेत जाते, काळ्या पिशव्यांच्या रांगांमधून हिंडते आणि साध्या हिरव्या गवताकडे ढुंकूनही न पाहता पांढऱ्या रेघांच्या गवताची पिशवी जास्त पैसे मोजून घरी आणते. शेतातला दोष बागेत अलंकार कसा ठरतो, याचे मला एके काळी हसू येत असे. आता येत नाही, कारण आमच्या इमारतीच्या आवारातला सर्वांत उजळ कोपरा या दोषाच्याच जिवावर उभा आहे.

कोपरा उत्तरेकडचा आहे. एका बाजूला इमारतीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला काळ्या दगडाचे जुने कुंपण आणि वर आंब्याचा दाट घेर, त्यामुळे तिथे थेट ऊन असे येतच नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाले की कोणी ना कोणी तिथे लॉन करण्याची सूचना मांडते, आणि ती दरवर्षी एकमताने मान्य होते. लॉनसाठी आपण जी गवते लावतो, त्यांतली बहुतेक उन्हाची भुकेली असतात. हरळी तर सावलीत लांबुडकी, विरळ होत जाते आणि शेवटी उघडी माती मागे ठेवून दिसेनाशी होते. सावली बऱ्यापैकी सोसणारे उष्ण प्रदेशातले गवत म्हणजे सेंट ऑगस्टीन, शास्त्रीय नाव स्टेनोटाफ्रम सेकंडेटम. अटलांटिक महासागराच्या उबदार किनाऱ्यांवरचे हे गवत खारी हवाही सहन करते, म्हणून अलिबाग, मालवण किंवा गोव्याकडच्या घरांच्या अंगणातही ते चांगले जमते. आम्ही लावले ते त्याचे पट्टेरी रूप. रोपवाटिकेत त्याला नुसते ‘व्हेरिगेटेड ग्रास’ म्हणतात, आणि तेवढ्यावर काम भागते.

हे गवत खाली वाकून पाहण्याजोगे आहे. बोटभर अंतरावर पेरे असलेली त्याची चपटी धावती खोडे मातीवर पसरत जातात आणि प्रत्येक पेऱ्यावर मुळे सोडतात. पान रुंद, मऊ, मध्यावर किंचित दुमडलेले असते. टोक अणकुचीदार नसते, बोथट असते. त्यावरच्या रेघा बुडापासून टोकापर्यंत सरळ जातात, पण कोणत्याही दोन पानांवरची रचना सारखी नसते. एखाद्या पानाची डावी बाजू पूर्ण दुधी आणि उजवी पूर्ण हिरवी असते, एखाद्यावर मधोमध केसाएवढी एकच पांढरी रेघ असते, आणि एखाद्यावर पांढरा, फिका हिरवा व गडद हिरवा असे तीन रंग शेजारी शेजारी चालतात. पान उजेडाकडे धरले तर पांढऱ्या भागातून पलीकडची बोटे अंधूक दिसतात.

रेघा सरळच का, याचे उत्तर गवताच्या वाढीत आहे. गवताचे पान टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढते. म्हणून तर लॉन कितीही वेळा कापले तरी मरत नाही. बुडाशी असलेल्या पेशी एकामागून एक नव्या पेशी वर ढकलत राहतात आणि त्यांच्या लांबच लांब रांगा तयार होतात. मागावर ताण्यातला एखादा धागा पांढरा लागला की तो कापडाच्या शेवटापर्यंत पांढराच उमटतो, तसे इथे होते: बुडाशी असलेल्या ज्या पेशीत हरितद्रव्य तयार होण्याची क्षमता नाही, तिच्यापासून निघालेली सगळी रांग पांढरी राहते. मनीप्लांट किंवा क्रोटनच्या पानावर हीच उणीव ठिपक्यांच्या आणि डागांच्या रूपाने विखुरते, कारण त्यांच्या पानाची वाढ सर्व दिशांनी होते. गवताला मात्र शिस्त आहे, त्याची चूकसुद्धा पट्टी लावून आखलेली दिसते.

या वाणांचे कूळ शोधू गेले तर गोष्ट आपल्या परसातल्या गुलबक्षीपाशी जाऊन पोहोचते. मेंडेलच्या विस्मृतीत गेलेल्या नियमांचा १९०० साली नव्याने शोध लावणाऱ्यांपैकी एक, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स, यांनी पट्टेरी पानांच्या गुलबक्षीवर प्रयोग केले आणि १९०९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिरव्या फांदीवरच्या फुलाचे बी लावले तर रोपे हिरवी येत, पांढऱ्या फांदीवरच्या फुलाचे बी लावले तर पांढरी, आणि पट्टेरी फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची. पराग कोणत्या फांदीवरून आणला याने काहीही फरक पडत नसे. पानाच्या हिरवेपणाचा हा वारसा फक्त आईकडून येत होता, कारण हरितद्रव्याचे कण बीजांडाच्या पेशीतून पुढे जात होते. पुढे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या, म्हणजे पुन्हा एका गवताच्याच, दाण्यांवरचे ठिपके आणि पानांवरच्या रेघा वर्षानुवर्षे निरखल्या, त्यातून जनुके आपली जागा बदलतात हे जगासमोर ठेवले, आणि त्या कामासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बागेतल्या शोभेच्या गोष्टीमागे एवढे सगळे असेल, याची रोपवाटिकेतल्या पिशवीकडे पाहून कल्पना येत नाही.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. पट्टेरी गवते बहुतेक करून बियांपासून तशीच्या तशी उतरत नाहीत; ती ठोंब फोडून किंवा धावत्या खोडाचे तुकडे लावूनच वाढवावी लागतात. म्हणूनच ‘रंगीत गवताचे बी’ म्हणून हल्ली ऑनलाइन जी चकचकीत पाकिटे विकली जातात, त्यांच्यावरची छायाचित्रे मी करमणुकीसाठी पाहते. निळे, गुलाबी आणि चंदेरी पट्ट्यांचे गवत एकाच पाकिटातून उगवेल असे मानणाऱ्या आशावादाला माझा विरोध नाही, पण ते पैसे शेजाऱ्याकडून एक तुकडा मागून आणण्याच्या रिक्षाभाड्यावर खर्च केले तर जास्त सार्थकी लागतात.

अशा गवताशी संसार करायचा तर त्याच्या दोन्ही टोकांवर लक्ष ठेवावे लागते. कधी कधी एखाद्या पेऱ्यावरून पूर्ण पांढरा फुटवा येतो, आणि तो इतका देखणा असतो की पाहणाऱ्याला तेवढाच कापून वेगळ्या कुंडीत लावण्याचा मोह होतो. तो जगत नाही. जोवर तो मूळ खोडाला जोडलेला असतो, तोवर हिरव्या पानांनी तयार केलेल्या साखरेवर त्याचे चालते. तोडला की त्याच्याजवळ स्वतःची कमाई काहीच नसते आणि थोड्याच दिवसांत तो सुकून जातो. दुसऱ्या टोकाला पूर्ण हिरवा फुटवा येतो, आणि खरी कटकट त्याची असते. त्याच्या पानाचा प्रत्येक भाग काम करत असल्यामुळे तो पट्टेरी भावंडांपेक्षा जोमाने वाढतो, त्यांच्यावर चढतो, त्यांची जागा आणि उजेड घेतो, आणि वेळीच काढला नाही तर एक-दोन पावसाळ्यांत सगळा वाफा हिरवा करून टाकतो.

त्यामुळे आमच्याकडे श्रावणात खुरपणीचा उलटाच प्रकार चालतो. हिरवी खोडे हाताने उचलून मागे मागे माग काढत जायचे, पट्टेरी खोडातून ती जिथे फुटली असतील तो पेरा शोधायचा आणि तिथून मुळासकट कापायची. आमचे माळीकाका पहिल्या वेळी खुरपे खाली ठेवून उभेच राहिले. “ताई, जे जोमानं वाढतंय तेच उपटायला सांगताय? लोकं याच्या उलट सांगत्यात,” असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखा मुद्दा माझ्याजवळ नव्हता. जमेल तेवढे समजावले. त्यांनी मान हलवली आणि काम सुरू केले, पण त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मालकिणीची मर्जी सांभाळणाऱ्या माणसाचा भाव होता. युरिया मात्र त्यांच्या हातून काढून घ्यावा लागला. नत्र जास्त झाले की हिरव्या फुटव्यांचे चांगलेच फावते. पावसाळ्याच्या तोंडी थोडे कुजलेले शेणखत या गवताला पुरते.

उन्हाचेही तसेच. पांढऱ्या भागाला ऊन सोसत नाही. मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या कुंडीतल्या पानांच्या कडा करपून कागदी होतात, तर अगदी गच्च काळोखात ठेवले तर हिरवे भाग भागवू शकत नाहीत आणि सगळे गवत मलूल पडते. सकाळचे कोवळे ऊन किंवा झाडाखालचा गाळीव उजेड हे त्याचे सुख. पाणी नियमित हवे, पण साचलेले नको.

सर्वच पट्टेरी गवते इतकी नाजूक नसतात. तळ्याकाठी किंवा रस्त्याच्या दुभाजकावर माणसापेक्षा उंच वाढलेले, पांढऱ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांचे जे ठोंब दिसतात, ते नळाचे, म्हणजे अरुंडो डोनॅक्सचे पट्टेरी रूप. याच्या हिरव्या रूपाच्या कांड्यांपासून क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनच्या जिव्हाळ्या, म्हणजे फुंकताना कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्या (रीड), बनतात, आणि हेच हिरवे रूप कॅलिफोर्नियातल्या नद्यांच्या काठांवर असे काही माजले आहे की जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आगंतुक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. पट्टेरी रूप त्या मानाने सौम्य असले तरी ते ओढ्याकाठी मोकळे सोडू नये, असे माझे मत आहे. बागेत लावायचे तर मोठ्या टाकीत किंवा चहूबाजूंनी फरशा गाडलेल्या खड्ड्यात लावावे. त्याची नवी फूट सर्वांत पांढरी असते आणि उन्हाळा चढेल तसतसा पट्टा पिवळट-हिरवट होत जातो, म्हणून जुने धांडे वर्षातून एकदा जमिनीलगत कापून टाकण्यात हयगय करू नये.

या पानांचे खरे वेड पाहायचे तर जपानकडे पाहावे. शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे एदोच्या काळात, तिथे पट्टेरी आणि ठिपकेदार पानांची झाडे जमवण्याचा इतका शौक होता की १८२९ साली केवळ अशाच झाडांवर एक अनेक खंडांचा सचित्र ग्रंथ छापला गेला. शरदातल्या चंद्रदर्शनाच्या वेळी फुलदाणीत ठेवल्या जाणाऱ्या सुसुकी गवताचा एक प्रकार तिथे ससाण्याच्या पिसाच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याच्या पात्यावरचे पिवळे पट्टे लांबीत न जाता आडवे जातात; वर सांगितलेले पेशींच्या रांगांचे गणित या पठ्ठ्याला लागूच होत नाही. फुजीजवळच्या हाकोने परिसराच्या नावाचे सोनेरी पट्ट्यांचे गवत तर छायाचित्रात पाहूनच समाधान मानावे, पुण्याच्या एप्रिलपुढे त्याचा टिकाव लागणार नाही. ब्राझीलमध्ये उद्यानरचनाकार रॉबर्टो बुर्ले मार्क्स यांनी रिओच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या आवारात सेंट ऑगस्टीन गवताच्याच गडद आणि फिक्या अशा दोन छटांचे लाटांच्या आकाराचे पट्टे आखले. एवढे धाडस करायला एवढी मोठी जागा लागते. आपल्या हातभर वाफ्यात लाटा काढू नयेत.

लहान बागेत पट्टेरी गवत थोडे आणि एकाच ठिकाणी असावे. त्याच्या मागे गडद काहीतरी हवे: काळा दगड, ओली माती, रातराणीची दाट हिरवाई. क्रोटन, कोलियस आणि पट्टेरी गवत एकाच रांगेत लावणाऱ्यांच्या बागेत गेले की कोणाशी आधी बोलावे हेच कळत नाही. आमच्या कोपऱ्यात दगडी कुंपणाच्या पायथ्याशी या गवताचा एक सलग पट्टा आहे आणि बाकी काही नाही. पावसाळी दुपारी, आभाळ भरून आलेले असताना, तिथे उजेड जमिनीकडून वर येतो आहे असे वाटते.

रोपवाटिकेत ‘गवत’ म्हणून आणखी बरेच काही आपल्या गळ्यात घातले जाते. स्पायडर प्लांट हे त्यातले सर्वांत मोठे सोंग. पाती अरुंद, रेघा पांढऱ्या, वाढ झुबकेदार. पण ते गवत नव्हे, शतावरीच्या कुळातले आहे, आणि पावसाळ्यात कोकणात व सह्याद्रीत आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या फोडशीच्या भाजीचे नातेवाईक आहे. सफेद मुसळीही त्यांच्यातलीच, जिच्या शास्त्रीय नावात आपले बोरिवली जाऊन बसले आहे. दक्षिण आफ्रिकेतला हा पाहुणा कुंडीत फारच गुणी असल्यामुळे त्याच्या खोट्या ओळखीबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

मृगाचा पाऊस स्थिरावला की तुकडे वाटण्याचा हंगाम येतो. दोन-तीन पेऱ्यांचा, हिरवा आणि पांढरा दोन्ही रंग धरून असलेला तुकडा निवडावा, पेरे मातीत आडवे दाबावेत आणि पाने वर राहू द्यावीत. मुळे लवकर धरतात. इमारतीतल्या बहुतेक गॅलऱ्यांत आता आमच्याकडचे तुकडे आहेत. माळीकाकांनाही मी एक चांगला ठोंब देऊ केला, तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि उपटलेल्या हिरव्या खोडांचे काय करणार आहात, अशी चौकशी केली. तेव्हापासून श्रावणातले ते हिरवे भारे सायकलच्या कॅरियरला बांधून त्यांच्या घरी जातात. त्यांच्याकडे दोन शेळ्या आहेत, आणि यंदा खुरपणीची आठवण मी करण्याआधी त्यांनीच केली.