आमची वाटचाल : कटकची तारकशी, नागपूरचं दुकान

नागपूरकर भोसल्यांचा ओडिशातल्या कटकवर १७५१ पासून १८०३ पर्यंत अंमल होता. आमचा कटकशी संबंध एवढा भारदस्त नाही. वडिलांचं इतवारीत चांदीचं छोटं दुकान; जोडवी, तोरड्या, देवाची भांडी असा नेहमीचा माल. मामांची बदली कटकला झाली आणि कार्तिक पौर्णिमेच्या बालीयात्रेच्या जत्रेतून त्यांनी आईसाठी तारकशीचे, म्हणजे चांदीच्या बारीक तारांच्या जाळीदार नक्षीचे झुमके आणले. आई गल्ल्यावर बसली की गिऱ्हाईक मालापेक्षा तिच्या कानांकडेच जास्त बघायचं. वडिलांनी धंद्याची दिशा तिथेच ओळखली.

मी पहिल्यांदा कटकला गेलो तो कारागिरांचं काम बघायलाच. तारकशीला मऊ चांदी लागते, म्हणून ती ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध घेतात. पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढत बारीक करायची. दोन तारांना एकत्र पीळ द्यायचा आणि मग ती जोडतार चपटी करायची. त्या पिळामुळे कडेला रव्यांची ओळ असल्यासारखं दिसतं. जाड तारेची चौकट करून तिच्यात चिमट्याने या तारांची फुलं, वेलबुट्ट्या बसवतात. वरून टाकणखार आणि डाखाची, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या धातूची, पूड भुरभुरवून ज्योत देतात. ज्योत जरा जास्त लागली की नक्षीचा गोळा होतो.

म्हणूनच ग्राहकाने वजनकाटा बघून भाव केला की मला राग येतो. चांदी हलकी असते, मजुरी भारी. आम्ही सुरुवातीपासून बिलावर घडणावळ वेगळी दाखवतो. त्यामुळे काही लोक उठून जातात, जाऊ द्यावं. साच्यात ओतलेली नक्कल बाजारात स्वस्त मिळते. दागिना उलटा करून भिंगाखाली धरा: खऱ्या कामात प्रत्येक तारेचा पीळ सुटा दिसतो, साच्यातल्यात सगळं एकजीव आणि गुळगुळीत. तेलंगणातल्या करीमनगरचं तारकाम पानदान, गुलाबदाणीत फार सुरेख. त्याला २००७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कटकच्या तारकशीला २०२४ मध्ये. आम्ही दागिने कटकचेच ठेवतो. आता ओडिसी नृत्य शिकणाऱ्या मुलींसाठी दागिन्यांचे पूर्ण संचही मागवून देतो.

दुरुस्तीही घेतो, पण तुटलेला तुकडा फेकू नका, कागदात बांधून आणा. जवळच्या दुकानातून मोठ्या ज्योतीने डाख देऊन आणलेला दागिना पुन्हा सरळ करणं जवळपास अशक्य असतं. काळा पडला तर टूथपेस्ट लावू नका. ती जाळीत बसते आणि घासताना तार वाकते. रिठ्याच्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रश हलकेच फिरवा, साध्या पाण्यातून काढून सुती कापडावर पूर्ण सुकू द्या. मगच हवाबंद पिशवीत, एकेक वेगळा. अत्तर आधी, दागिना नंतर. झुमके काढताना फिरकीला धरा, जाळीला नाही.