फोनच्या अलीकडचा माणूस

आमच्या वाड्यात फोन फक्त तळमजल्यावरच्या काकांकडे होता आणि वरच्या सगळ्या बिऱ्हाडांचा तोच पी.पी. नंबर होता. कोणाचा फोन आला की काकू जिन्याखालून हाक मारत आणि ज्याचा फोन असेल तो हातातले काम टाकून धावत खाली येई. आम्ही मुले ओट्यावर बसून एकाच बाजूचे बोलणे ऐकत असू. "हो... कधी?... बरं... अगं, पण तिला सांगितलं कोणी?" यानंतर मोठा थांबा, आणि मग अगदी हळू आवाजात "अरे देवा." पलीकडे कोण आहे, काय घडले आहे, हे सगळे आम्ही त्या थांब्यांवरून मनाने भरून काढत असू. तो आनंद मला पुष्कळ वर्षांनी अमेरिकी विनोदकार बॉब न्यूहार्ट यांची १९६० सालची ध्वनिमुद्रणे ऐकताना पुन्हा सापडला आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही.

न्यूहार्ट यांचा जन्म ५ सप्टेंबर १९२९ रोजी शिकागोला लागून असलेल्या ओक पार्क गावात झाला. लोयोला विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी, त्यानंतर कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीची लष्करी नोकरी, आणि परत आल्यावर हिशेबनीसाचे काम, असा त्यांचा सुरुवातीचा सरळ प्रवास आहे. हिशेबात किरकोळ रोकड जुळली नाही तर ती शोधण्यात तास घालवण्यापेक्षा फरकाचे पैसे आपल्याच खिशातून टाकावेत, असे त्यांचे धोरण होते. पुढे ते बेकारभत्त्याच्या कार्यालयात कारकून झाले. तिथे त्यांना आठवड्याला ६० डॉलर पगार मिळत होता. बेकारांना ५५ डॉलर भत्ता मिळत होता आणि त्यासाठी आठवड्यातून एकच दिवस यावे लागत होते. हे ध्यानात आल्यावर आपण ती नोकरी सोडली, असे ते पुढे मुलाखतींमधून सांगत असत. ते हसवण्यासाठी सांगत असले, तरी त्यामागे तिशीला टेकलेल्या आणि घरी राहून दुसरे काहीतरी करून पाहणाऱ्या तरुणाची अस्वस्थताही होती, असे मला वाटते.

त्यांच्या कलेचा उगम एका गैरहजेरीत आहे. जाहिरातीच्या मजकुराचे काम करत असताना ते आणि त्यांचा एक सहकारी कंटाळा घालवण्यासाठी एकमेकांना फोन करून विचित्र प्रसंग रंगवत असत. त्याची ध्वनिमुद्रणे त्यांनी रेडिओ केंद्रांना विकण्याचाही प्रयत्न केला. मग सहकारी नोकरीसाठी न्यूयॉर्कला निघून गेला आणि न्यूहार्ट यांच्याकडे संभाषणाचे एकच टोक उरले. त्यांनी नवा जोडीदार शोधला नाही. त्यांनी जोडीदाराची जागा तशीच रिकामी ठेवली आणि ती भरण्याचे काम श्रोत्यांवर सोपवले. ही युक्ती त्यांनीच पहिल्यांदा वापरली असे मात्र नाही. विनोदकार शेली बर्मन त्यांच्याआधीपासून रंगमंचावर कानाला नसलेला फोन लावून बोलत होते. न्यूहार्ट यांचे वेगळेपण त्यांच्या ऐकण्यात आहे.

हे नीट समजण्यासाठी एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. जाहिरात क्षेत्रातला एक प्रसिद्धी-सल्लागार गेटिसबर्गच्या प्रसिद्ध भाषणापूर्वी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांना फोन करतो. लिंकन काय म्हणतात ते आपल्याला ऐकू येत नाही. आपल्याला सल्लागाराचे प्रश्न ऐकू येतात, त्याचा संयम ऐकू येतो, आणि लिंकन काहीतरी भलतेच म्हणाले आहेत हे त्याच्या एका लहानशा विरामातून कळते. भाषणाच्या सुरुवातीचा 'चार विसा आणि सात' वर्षांचा आकडा लिंकन यांना सोप्या शब्दांत सांगायचा आहे आणि दाढीही काढून टाकायची आहे, आणि हा बिचारा त्यांना अत्यंत सौजन्याने थोपवून धरतो आहे. हशा न्यूहार्ट यांच्या वाक्यावर येण्याआधी वाक्याच्या अलीकडच्या शांततेतच सुरू होतो, कारण तोवर श्रोत्याने लिंकन यांचे वाक्य स्वतःच रचलेले असते. मोटार शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या प्रसंगात फोन नाही, पण रीत तीच आहे. शेजारी गाडी चालवणाऱ्या बाई आपल्याला दिसत नाहीत. प्रशिक्षकाच्या आवाजातल्या दबलेल्या भीतीवरून गाडी कुठे चालली आहे हे आपल्याला कळते.

शिकागोतल्या एका रेडिओ निवेदकाच्या ओळखीने ही मुद्रणे वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोहोचली. कंपनीने प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रण करायचे ठरवले, आणि तोवर न्यूहार्ट यांनी नाइटक्लबात एकही कार्यक्रम केलेला नव्हता. फेब्रुवारी १९६० मध्ये ह्यूस्टनच्या टाइडलँड्स मोटर इनमध्ये ते पहिल्यांदा उभे राहिले आणि तेच ध्वनिमुद्रण 'द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट' या नावाने बाजारात आले. तबकड्यांच्या खपाची क्रमवारी देणाऱ्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ही पहिली विनोदी तबकडी. १९६१ च्या ग्रॅमी या ध्वनिमुद्रणांच्या पुरस्कारांमध्ये तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला आणि न्यूहार्ट सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार ठरले.

टेलिव्हिजनने त्यांना लगेच बोलावले, पण १९६१ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झालेला त्यांचा विविधरंगी कार्यक्रम एमी आणि पीबडी हे प्रसारणक्षेत्रातले दोन्ही सन्मान मिळवूनही एकाच हंगामात बंद झाला. खरे घर त्यांना मिळाले ते १९७२ मध्ये, सीबीएस वाहिनीच्या 'द बॉब न्यूहार्ट शो' या मालिकेमध्ये. या मालिकेत ते शिकागोतल्या रॉबर्ट हार्टली या मानसशास्त्रज्ञाच्या भूमिकेत होते. मला ही निवड फार विचारपूर्वक केलेली वाटते. ज्याचे सगळे कसब ऐकण्यात आहे, त्याला ऐकणे हाच ज्याचा व्यवसाय आहे अशी भूमिका मिळाली. आधी ही भूमिका मनोविकारतज्ज्ञाची ठरली होती, पण गंभीर आजार असलेल्या माणसांवर विनोद बेतला जाऊ नये म्हणून न्यूहार्ट यांनी ती बदलून घेतली. हार्टली दांपत्याला मूल नको, हाही त्यांचाच आग्रह होता, कारण वेंधळा बाप आणि शहाणी मुले हा टेलिव्हिजनचा ठरीव साचा त्यांना नको होता. समोरचा रुग्ण काहीतरी अचाट बोलतो, आणि न्यूहार्ट पापणी लवते न लवते एवढ्या अवधीत उत्तर देण्याचे रद्द करतात. त्या चेहऱ्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो, हे पाहण्यासारखे आहे.

बोलताना ते किंचित अडखळत, आणि ते अडखळणे मुद्दाम आणलेले नव्हते. भाग लांबतो आहे, जरा कमी अडखळाल का, असे एकदा निर्मात्याने विचारले, तेव्हा याच अडखळण्यावर मी बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत वस्तीत घर घेतले आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते. त्या मालिकेचे १४२ भाग झाले. १९८२ पासून आठ वर्षे चाललेल्या 'न्यूहार्ट' या मालिकेचे १८४ भाग झाले आणि त्यात ते अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यातली एक जुनी खाणावळवजा सराई चालवत होते. एवढे असूनही या दोन्ही मालिकांमधल्या मुख्य भूमिकेसाठी त्यांना एमी मिळाले नाही, आणि मला ते आजही खटकते. ते मिळाले २०१३ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, 'द बिग बँग थिअरी' या मालिकेतल्या प्रोफेसर प्रोटॉनच्या पाहुण्या भूमिकेसाठी. आपल्याकडच्या तरुण प्रेक्षकांपैकी अनेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते तिथेच.

१८ जुलै २०२४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्या बातमीनंतर रात्री मी 'न्यूहार्ट'च्या २१ मे १९९० रोजी दाखवल्या गेलेल्या शेवटच्या भागाचा अखेरचा प्रवेश पुन्हा पाहिला. ही कल्पना आपली पत्नी जिनी यांची, असे ते सांगत असत, आणि चित्रीकरण होईपर्यंत ती कडेकोट गुप्त ठेवण्यात आली होती. डोक्यात गोल्फचा चेंडू लागून सराईचा मालक कोसळतो आणि पडदा काळा होतो. मग अंधारात एक दिवा लागतो. स्टुडिओतले प्रेक्षक ती खोली ओळखतात आणि टाळ्या सुरू करतात, कारण ती जुन्या मालिकेतल्या डॉक्टर हार्टलींची झोपण्याची खोली आहे, आणि शेजारी सुझान प्लेशेट, म्हणजे त्या मालिकेतली त्यांची पत्नी एमिली, झोपलेली आहे. व्हर्मांट, ती सराई, त्या गावातले तीन भाऊ, ती आठ वर्षे, हे सगळे स्वप्न होते. न्यूहार्ट ते स्वप्न अडखळत सांगू लागतात. एमिली उशीवरून जरा वर होऊन ऐकते, मध्येच एखादा शब्द टाकते, आणि झोपण्याआधी जपानी जेवण यापुढे बंद असे बजावते.

सबंध आयुष्य दुसऱ्याचे ऐकून घेणारा हा नट त्या शेवटच्या प्रवेशात स्वतः बोलत राहतो, आणि त्याचे ऐकायला या वेळी पलीकडचे माणूस खरोखरच तिथे असते.