हेतू कळला ना?

“दादाच्या जाण्यामागे देवाचा काय हेतू होता, ते तुम्हाला कळलं ना?” उपासना सुटली की कोणी ना कोणी हे विचारतंच. त्यातला तो ‘ना’ मला टोचतो. पण दोष माझाच. दोन वर्षं मीच ‘कळला, कळला’ सांगत फिरलो.

देवाने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये उभं राहून सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. माझी साक्ष अशी होती: दादाच्या दफनानंतर मी बाटलीला हात लावला नाही. देवाने एकाला नेऊन दुसऱ्याला वाचवलं. लोक डोळे पुसायचे. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या रविवारी वहिनी तिसऱ्या बाकावर होत्या, धाकटी मांडीवर झोपलेली. सगळे पांगल्यावर त्या गीतपुस्तकं गोळा करू लागल्या. मी मदतीला गेलो. मान वर न करता त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमची दारू सुटावी म्हणून माझा नवरा न्यावा लागला?”

माझ्या तोंडून बायबलमधलं वचन, रोमकरांस पत्र 8:28, बाहेर पडलं. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारक होतं, वगैरे.

“वचन मला पाठ आहे. मी तुम्हाला विचारलं.”

धाकटीला खांद्यावर घेऊन त्या गेल्या. मी हातात पुस्तकं धरून उभा. दोन वर्षांच्या माझ्या साक्षीत देव होता, मी होतो, दादा होता. वहिनी आणि मुली कुठेच नव्हत्या. आणखी एक गोष्ट नव्हती: दादा अतिदक्षता विभागात असताना मी पिऊन आलो होतो, आणि बाहेरच्या बाकावर मला वहिनींनीच झोपवलं होतं. दारू सुटली ती त्या शरमेनं. निदान सुरुवात तरी तिथून झाली.

माझ्यातला जुना साक्षीदार अजून वाद घालतो. म्हणतो, ज्या भावांनी खड्ड्यात टाकून विकलं त्यांना योसेफानेही सांगितलंच ना, तुम्ही वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं? सांगितलं. उत्पत्तीच्या 50व्या अध्यायात आहे. पण खड्डा त्याचा होता, तुरुंगवासही त्याचा. मुलगा मेला समजून गोणपाट नेसलेल्या त्याच्या बापाला, याकोबाला, ते कोणी ऐकवलं नव्हतं. मी मात्र वहिनींच्या खड्ड्याचा अर्थ व्यासपीठावरून सांगत होतो.

मग हेतू नाहीच, असं म्हणू? तेही जीभ धजत नाही. मेलेल्या लाजराला आपण कबरेतून उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात मी हल्ली त्या ओळीपाशीच थांबतो. पुढचा चमत्कार खोटा वाटतो म्हणून नव्हे. आमची कबर अजून बंद आहे म्हणून.

दारूला अजून शिवलेलो नाही. दादा असता तरी सुटली असती का, देव जाणे.

साक्षीला बोलावलं की आता 88वं स्तोत्र वाचतो. ते अंधारावरच संपतं. पाळकसाहेब लगेच गाणं सुरू करायला सांगतात. मागच्या खेपेला मात्र वहिनी गाण्यासाठी उठल्या नाहीत, बसूनच राहिल्या. मीही बसलो.