सासूबाईंचा अल्झायमर आणि गोळ्यांची पिशवी – माझा अनुभव

आम्ही सांगलीत राहतो, सासूबाई ७६ वर्षांच्या, रिटायर्ड शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचं कळलं. त्याआधी बी-१२, थायरॉईड, एमआरआय सगळं झालं कारण विसरायला होण्याची दुसरी कारणं पण असतात, ती आधी बघावी लागतात. मग न्यूरोच्या डॉक्टरांनी डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम चालू केली, रोज रात्री एक. ह्या गोळीने नाडी मंद होऊ शकते आणि आईंना बीपीसाठी मेटोप्रोलोल आधीपासूनच चालू होती म्हणून सुरू करायच्या आधी ईसीजी पण काढला. आणि पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं की आजार ह्याने बरा होणार नाही, काही काळ थोडं सावरेल एवढंच. तेव्हा ऐकायला फार जड गेलं, पण सांगितलं ते बरंच झालं.

पहिले पंधरा दिवस मळमळ, जुलाब, जेवण निम्म्यावर. शिवाय स्वप्नं. पहाटे तीनला उठून साडी नेसायला लागायच्या, शाळेला उशीर झाला म्हणून. फोन केला तर डॉक्टर म्हणाले गोळी रात्रीऐवजी सकाळी नाश्त्यानंतर द्या, आणि खरंच चार-पाच दिवसात झोप लागायला लागली. दीड महिन्याने डोस १० केला.

खरा घोळ त्यानंतर झाला आणि त्यात माझी चूक आहे म्हणून हे लिहितेय. आईंना लघवीची घाई व्हायला लागली, बाथरूमपर्यंत पोचायच्या आत साडी ओली, आणि त्या बिचाऱ्या लाजेने ओल्या साड्या पलंगाखाली लपवून ठेवायच्या, मला वास आला तेव्हा कळलं. जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं, फाईल घरीच राहिली, आईंना विसरायचा त्रास आहे एवढंच मी बोलले, कुठली गोळी चालू आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी ऑक्सिब्युटिनिन लिहून दिली. लघवी कमी झाली, मी खूश.

आठ-दहा दिवसात तोंड कोरडं पडायला लागलं, भाकरीचा घास गिळवेना, पोट साफ होईना. संध्याकाळ झाली की दाराशी जाऊन उभ्या, मिरजेला माहेरी जायचंय, आई वाट बघत असेल. एके दिवशी माझ्या मुलाला विचारलं, बाळ तू कुणाचा रे? तो दहावीत आहे, आजीच्या मांडीवर वाढलाय, आत जाऊन रडत बसला. आम्हाला सगळ्यांना वाटलं आजार वाढला. नणंद फोनवर म्हणाली, शांत राहायची गोळी मिळते ती आणा, तिच्या ओळखीत कुणाला तरी दिली होती.

मी मेडिकलमध्ये गेले तर तिथल्या ताईंनी चिठ्ठीशिवाय देणार नाही म्हणून सांगितलं आणि विचारलं, आजींना काय काय चालू आहे, सगळं घेऊन या बघू. घरी येऊन कपाटातली, देवघरातली, फ्रीजवरची सगळी पाकिटं पिशवीत घातली आणि नेली. त्यांनी दोन पाकिटं बाजूला काढली, म्हणाल्या ह्या दोन्ही एकत्र चालू आहेत हे डॉक्टरांना माहितीये का? डोनेपेझिल मेंदूतलं असिटिलकोलीन, म्हणजे आठवणीसाठी लागणारं रसायन, टिकवते आणि ऑक्सिब्युटिनिन त्याच असिटिलकोलीनचं काम अडवते. म्हणजे सकाळी एक देत होते आणि दुपारी तिच्या उलट दुसरी!

न्यूरोच्या डॉक्टरांनी लघवीची गोळी लगेच बंद केली, इन्फेक्शन आहे का म्हणून लघवी तपासली, ती क्लीन आली. मग ते म्हणाले, लघवीची घाई मुळात डोनेपेझिलचा डोस वाढवल्यामुळेच झाली असू शकते. डोस परत ५ वर. दोनेक आठवड्यात तोंडाची कोरड गेली, दाराशी जाणं कमी झालं, आणि एका सकाळी मुलाला नावाने हाक मारली, अभ्यास झाला का विचारलं. सगळं नाही परत आलं, पण हे आलं.

शांत करायच्या गोळीचंही विचारलं. डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांच्या, वयस्कर पेशंटमध्ये तसल्या काही गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेत २००५ मध्ये तशी सरकारी ताकीद निघालीये, त्यामुळे आधी दुखतंय का, पोट साफ आहे का, इन्फेक्शन आहे का हे बघायचं आणि अगदीच गरज पडली तर कमी डोस, थोडे दिवस, असं ते म्हणाले.

आता गोळ्या माझ्या कपाटात कुलुपात असतात, कारण मध्ये एकदा आईंनी घेतलेली विसरून परत घेतली होती. सोमवार ते रविवार कप्प्यांचा डबा आहे, दिली की कॅलेंडरवर खूण. सर्दीचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय नाही, कारण त्यातलं क्लोरफेनिरामिन पण तसंच उलटं काम करतं. नाडी आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहिते आणि चक्कर आली तर लगेच कळवायचं ठरलंय. कुठल्याही डॉक्टरांकडे, अगदी दातांच्या पण, ती पिशवी बरोबर असते. परवा निघताना मी चपला घालत होते तर आईंनीच आठवण केली, अगं पिशवी घेतलीस का?